फीस्टच्या दिवशी वाटलेले कागद

पुण्यात शास्त्री रस्त्याच्या आसपास मेस चालवायची म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं, एमपीएससीची पोरं. नांदेड, बुलढाणा, सोलापूर, कुठून कुठून येतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि महिन्याचे पैसे आगाऊ भरून दोन वेळ जेवतात. महिना संपला की काही चेहरे दिसेनासे व्हायला लागले, तेव्हा मी ठरवलं की काय चुकतंय ते पोरांनाच विचारू. विचार चांगला होता. पण विचारताना मी एकही चूक करायची शिल्लक ठेवली नाही.

आमच्याकडे रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. रविवारी हजेरी पूर्ण असते, म्हणून अभिप्रायाचे कागद तेव्हाच वाटले. ताटात श्रीखंड-पुरी आणि मसालेभात असताना कोण तक्रार करणार? ‘एक नंबर, काकू’, ‘घरची आठवण आली’. मी हुरळून ते कागद गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवलेसुद्धा.

मॅनेजमेंट शिकणारा माझा भाचा ते बघून हसला. त्याने मला कोका-कोलाची गोष्ट सांगितली. १९८५ साली त्यांनी चव बदलली, ती सुमारे दोन लाख लोकांना आधी चाखवून. बऱ्याच जणांना नवी, जास्त गोड चव आवडली होती. बाजारात आणल्यावर मात्र असा गदारोळ झाला की तीन महिन्यांच्या आत जुनी चव परत आणावी लागली. घोटभर चाखणं वेगळं आणि रोज बाटलीभर पिणं वेगळं, हे त्यामागचं एक कारण सांगतात. मी तर रविवारचं ताट दाखवून सोमवार ते शनिवारचे मार्क मागत होते.

दुसऱ्या खेपेला वार बदलला, पण कागदावर वरच नाव आणि मोबाईल नंबर लिहायची जागा ठेवली. ज्या बाईच्या हातून अजून महिनाभर वाढून घ्यायचंय, तिला खरं कोण लिहून देईल? तरी एकाने लिहिलं, ‘साडेनऊनंतर भाजीत नुसता रस्सा उरतो.’ मी काय करावं? सगळ्यांदेखत त्याला म्हटलं, ‘अरे, मग लवकर यायचं की! बाकी कोणाची कशी तक्रार नाही?’ तो ‘बरं, काकू’ म्हणून मान खाली घालून जेवला. पुढचा महिना त्याने भरला नाही. त्यानंतरच्या सगळ्या कागदांवर ‘छान’. आजही आठवलं की मला स्वतःचीच लाज वाटते, कारण पोरगं खरं बोलत होतं. अभ्यासिकेतून उशिरा येणाऱ्यांसाठी आमच्या मावशी पातेल्यात पाणी वाढवायच्या. मी साडेआठला जेवून घ्यायची, मला कुठून कळणार?

मधे कोणीतरी सुचवलं, गूगलवर पाच तारे देणाऱ्याला गुलाबजाम फुकट दे. तेही केलं. नंतर समजलं की असं काही देऊन अभिप्राय मिळवणं गूगलच्या नियमांतच बसत नाही. तारे वाढले, रात्रीची पोरं काही वाढली नाहीत.

उत्तर होतं माझ्याच हजेरीच्या वहीत. आमच्याकडे खाडा आधी सांगावा लागतो, आणि एका वेळेचा खाडा धरत नाही. म्हणजे न सांगता जेवण चुकवलं तर ते पैसे गेलेच. तरी मंगळवार-गुरुवारच्या रात्री टिकांच्या जागी रिकामे चौकोन दिसत होते. दुधी आणि कोबी त्याच दिवशी असायचे. महिन्याचे पैसे भरलेलं पोरगं खिशातले आणखी पैसे घालून बाहेर वडापाव खातंय, याहून स्पष्ट अभिप्राय कुठल्या कागदावर मिळणार होता? तोवर मी ती वही फक्त हिशोबाला उघडत होते.

आता मी ‘जेवण कसं होतं?’ असं विचारत नाही. ‘काल रात्री कुठे जेवलास?’ असं विचारते. पोरं मोकळेपणी सांगतात, कारण त्यात माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवावी लागत नाहीत. रात्रीचं मी पावणेदहाला जेवते, उरलेल्या भाजीशीच. मावशी पहिले काही दिवस माझ्याशी धड बोलत नव्हत्या. मग दुसरी फोडणी टाकायची ठरलं. गॅस जास्त जातो, तो सोसते. पोळ्या त्या वेळेपर्यंत गार होतात, त्यावर मात्र अजून काही सुचलेलं नाही.

सोडून गेलेल्यांनाही फोन केले. काहींनी उचलले नाहीत. रश्श्याच्या तक्रारीवाल्याने उचलला. मी माफी मागितली, तर तो म्हणाला, ‘काकू, भाजीचं काही नाही, पण तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ना.’