पाटावरचा डबा

दौंडचें स्टेशन सोडून मनमाडकडे निघालेली आगगाडी भीमेचा पूल ओलांडते, तोंच नगर जिल्हा लागतो. बेलवंडी, विसापूर, सारोळा अशीं लहान लहान ठाणीं मागें टाकीत ती नगरास येते, आणि पुढें राहुरी, बेलापूर, पुणतांबें करीत गोदावरी उतरून कोपरगांवास जाते. १८७६-७८ च्या दुष्काळांत या मार्गाच्या भरावावर माती टाकून कित्येक कुटुंबांनीं आपले दिवस काढले. १८७८ सालीं मार्ग सुरू झाला. रुळांतील अंतर ५ फूट ६ इंच. नगरकरास आगगाडी म्हटली कीं हीच आठवते.

परंतु या जिल्ह्यांत दुसरीही एक आगगाडी होती. तिचें वेळापत्रक कोठें छापलें जात नसे, तिला तिकीट नव्हतें, आणि तिचा उतारू म्हणजे ऊस! भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि ज्या रानांत बाजरीवांचून दुसरें पीक क्वचितच दिसे तेथें प्रवरेच्या पाटांच्या पाण्यावर उसाचे मळे डोलूं लागले. तोडलेला ऊस पडून राहिला कीं त्यांतील साखर घटते. त्यास गाळपास नेण्यांत विलंब परवडत नाहीं. म्हणून हरिगांवच्या बेलापूर कंपनीसारख्या कारखान्यांनीं मळ्यांतून अरुंद रूळ टाकून ट्रामगाड्या चालविल्या. (श्रीरामपूर शहराच्या स्टेशनास बेलापूर हें नांव पडलें, खरें बेलापूर तेथून दूर प्रवरेकांठीं आहे. या नांवानें किती नवख्यांची फसगत केली असेल तें रेल्वेसच ठाऊक!) पुढें ट्रक आले, ट्रॅक्टर आले, रूळ उखडले गेले आणि डबे भंगाराच्या भावानें विकले गेले. इंजिनांचीं छायाचित्रें काढणारे हौशी तरी भेटतात. उसाच्या डब्याचें छायाचित्र कोण काढतो?

माझ्या धाकट्या पुतण्यास नेमकें याच डब्यांचें वेड आहे. तो पुण्यास अभियांत्रिकी शिकतो, आणि मोकळ्या वेळांत संगणकावर अरुंद मार्गांवरील डब्यांच्या प्रतिकृति उभारतो. आमच्या वहिनींच्या मतें ही परीक्षेच्या तोंडावर मांडलेली भातुकली आहे. मलाही प्रथम तसेंच वाटे. पुण्यास कोथरुडांत भाऊ जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ पासून आहे. तेथील गाड्या डोळ्यांसमोर खरोखर धांवतात, त्यामागील हातांची कारागिरी दिसते. या मुलाचा डबा मात्र पडद्यावरचा. त्यास ना पत्रा, ना लांकूड.

परंतु त्याच्या शेजारीं चार रात्री बसल्यावर या कामाची जात कळूं लागली. डब्याचा प्रत्येक कोपरा म्हणजे एक बिंदु. बिंदु जोडून त्रिकोण करावयाचे, आणि त्रिकोणांनीं सबंध पृष्ठभाग मढवावयाचा. त्यावर गंजाचा, तेलकट मळाचा रंग चढवावयाचा. चाकें व त्यांचा दांडा निराळे ठेवावयाचे, नाहीं तर तीं फिरावयाचीं नाहींत. आणि एवढें करूनही तें केवळ चित्र! ‘ओपन रेल्स’ नांवाची एक विनामूल्य प्रणाली आहे, तींत गाडी प्रत्यक्ष हांकतां येते. तिच्यासाठीं डब्याचें रिकामें वजन, भरलेलें वजन, ब्रेकचा जोर, सांखळीची ओढ हें सारें आंकड्यांनीं लिहून द्यावें लागतें. वजन खोटें घातलें तर चढणीवर गाडी वाऱ्यासारखी पळते, आणि जाणता मनुष्य हंसतो. ज्या डब्यास वजन नाहीं त्यास वजन द्यावयाचें, हीच या विद्येंतील खरी मेख.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी लाइट रेल्वेचे डबे त्यानें आधीं केले होते. १८९७ सालीं कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत सुरू झालेली ही २ फूट ६ इंचांची रेल्वे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियराच्या बुद्धीचें फळ. कोणत्याही आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, हा त्याचा दंडक. चार आंसांचा मालडबा मालासह २० टनांच्या आंत बसला पाहिजे. अडीच फुटांच्या रुळांवर त्यानें ७ फूट रुंद व २५ फूट लांब डबे उभे केले, आणि दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्यांनीं त्यांचें स्वतःचें वजन कमी राखलें. मला विशेष वाटली ती दुसरीच गोष्ट. युद्धांत रेल्वेचें महत्त्व ओळखून त्यानें डबे असे योजिले होते कीं त्यांतून सैन्य व त्याचें साहित्य सहज नेतां यावें. मालाच्या साध्या डब्यांत लढाईचाही हिशेब होता! त्या रेल्वेची माहिती ग्रंथांतून मिळते. उसाच्या डब्यांचें तसें नाहीं. ज्या मळ्यांत ते चालले त्या मळ्यांतच त्यांचा शोध घ्यावा लागतो.

तसा शोध गेल्या दिवाळींत लागला. प्रवरेच्या लाभक्षेत्रांतील एका गांवीं (नांव मुद्दाम देत नाहीं) शेताच्या चारीवर पाऊलपूल म्हणून एका डब्याची लोखंडी चौकट आडवी टाकलेली आहे, अशी बातमी आली. आम्ही दोघे दुपारीं तेथें पोहोंचलों. शेताचे मालक ऐंशीच्या घरांतले. लहानपणीं ट्रामपुढें झेंडी घेऊन धांवणारा पोऱ्या म्हणून त्यांनीं काम केलेलें.

“ह्ये मोजून काय करनार, दादा?” त्यांनीं पुतण्यास विचारलें.

“आजोबा, अगदीं असाच डबा पुन्हा उभा करणार आहे, संगणकांत.”

“मंग आजच मोजा. पुढल्या म्हैन्यात हितं नळ्या पडत्यात. ह्यो भंगारवाल्याला सांगून ठिवलाय.”

पुतण्याचा चेहरा उतरला. डबा घरीं आणावा तर ठेवणार कोठें? वाड्याच्या चौकांत उसाचा डबा आला असता तर वहिनींनीं आम्हां दोघांनाही त्याच्याबरोबर भंगारांत काढलें असतें. त्यानें मुकाट्यानें फीत काढली. चाकांची एकच जोडी शाबूत होती. चाकांच्या आंतल्या कडांतील अंतर २ फुटांहून थोडें कमी भरलें. चाकांच्या कडा रुळांच्या आंतून चालतात, तेव्हां रूळ २ फुटी. कोनाच्या लोखंडाची जाडी, रिवेटींचीं अंतरें, सारें वहींत उतरत गेलें. चौकटीच्या दोन्ही बाजूंस चौकोनी भोकें होतीं, त्यांचा उलगडा मात्र होईना.

“खुंटाची भोकं ती,” आजोबा म्हणाले. “खुंट उभं केलं का ऊस ढळत नसं. आन् खाली आधी साखळ्या आथरायच्या. कारखान्यात यारीनं आख्खी मोळी उचलायची, एका हिसक्यात.”

ही एक ओळ फितीनें कधींच मोजली नसती. दिवस मावळेपर्यंत मोजणी चालली; शेवटचीं मापें मोटारीच्या उजेडांत घेतलीं.

माघ महिन्यांत डबा तयार झाला. पुतण्या तो दाखवावयास पुन्हा त्या गांवीं गेला, मीही गेलों. चारीवर सिमेंटच्या नळ्या पडल्या होत्या. ओसरीवर बाजेवर बसून आजोबांनीं पडद्यावर ती लहानशी गाडी उसानें लादून जातांना पाहिली. खुंट पाहिले, साखळ्या पाहिल्या. मग म्हणाले, “समदं बरोबर हाय. पन आवाज न्हाई.”

“कसा होता आवाज?”

त्यांनीं बाजेच्या लांकडावर दोन बोटांनीं ठोके दिले: लागोपाठ दोन, मग थोडा अवकाश, पुन्हा दोन. रुळाच्या सांध्यावरून आधीं पुढचीं चाकें जावीत आणि पाठोपाठ मागचीं, तसे. पुतण्यानें हळूच फोन पुढें केला आणि तो आवाज टिपून घेतला. आजोबा डोळे मिटून बराच वेळ तसेच ठोके देत राहिले.