किती देते?

आमच्या देवळ्यात म्हशीबद्दल आणि मोटारीबद्दल पहिला प्रश्न एकच विचारतात : ‘‘किती देते?’’ उत्तरही दोन्ही बाबतींत सारख्याच पट्टीत मिळतं. मालक सांगेल त्यातून चौथा हिस्सा वजा करायचा, आणि मालक विकायला निघाला असेल तर तिसरा. फरक एवढाच, की म्हैस घेताना गिऱ्हाईक दोन्ही वेळच्या धारा समोर काढायला लावतं. मोटारीच्या बाबतीत मात्र चांगली शहाणीसुरती माणसंही चरवी न मागता पैसे मोजतात.

आमचा मेहुणा बापू हा असाच एक शहाणासुरता. उमराण्याच्या बाजारात कांदा हातात घेतला, की तो किती दिवस टिकेल हे बापू सांगणार आणि तो कांदा निमूटपणे तेवढेच दिवस टिकणार. हा बापू एका संध्याकाळी आला आणि साबणाच्या अर्ध्या वडीएवढी एक काळी वस्तू त्यानं माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

‘‘दाजी, पेट्रोल वाचवायचं यंत्र आहे.’’

यंत्र म्हणजे दोन लोहचुंबक. ते पेट्रोलच्या नळीवर बसवायचे. मग म्हणे पेट्रोलचे रेणू सरळ रांगेत उभे राहतात, रांगेनं जळतात आणि गाडी पंचवीस टक्के जास्त देते. आमच्या एस.टी. स्टँडवर आजवर कोणी रांगेत उभं राहिलेलं मी पाहिलेलं नाही. पेट्रोलचे रेणू राहतात हे ऐकून मला त्यांच्याविषयी आदरच वाटला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी चहा पिऊन गप्प बसलो असतो. पण बापू एजन्सी घ्यायला निघाला होता. पन्नास नग रोखीनं उचलायचे, रुपये साठ हजार. उन्हाळ कांद्याचे हे पैसे चाळीचे पत्रे बदलायला ठेवलेले होते. ‘‘तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलंत ना? मग आता माझ्या भावाला शिकवा,’’ असं सौभाग्यवतींनी आतूनच फर्मावलं.

मेहुण्याला विज्ञान शिकवणं हे सातवी ‘ब’ला शिकवण्यापेक्षा अवघड. सातवी ‘ब’ निदान झोपते. मी सांगितलं, पेट्रोलवर चुंबकाचा काही म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. धड असलेल्या इंजिनात जवळजवळ सगळं पेट्रोल जळतंच, न जळलेलं वाचवायला उरतंच किती? खरी नासाडी उष्णतेची. पेट्रोलमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जाते, आणि तिला नळीवरचा चुंबक काय अडवणार! अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यानं असली शंभराहून अधिक यंत्रं आणि औषधं तपासली, पण मायलेजमध्ये नाव घेण्याजोगी वाढ करणारं एकही सापडलं नाही. आपल्याकडं १९९६ साली तमिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी पाला आणि पाण्यापासून पेट्रोल काढून दाखवलं तेव्हा मोठमोठ्यांचे डोळे दिपले होते. २०१६ साली कोर्टानं त्यांना फसवणुकीबद्दल तीन वर्षांची शिक्षा ठोठावली.

‘‘ते सगळं खरं, दाजी,’’ बापू म्हणाला, ‘‘पण माझी गाडी चौदा द्यायची, ती सतरा देतीय!’’

आता हा ‘पण’ अमेरिकेच्या खात्यालाही भारी. बापू खोटं बोलत नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, की यंत्र बसवणाऱ्या माणसानं त्याच हातानं एअर फिल्टर साफ केला होता, चाकांत हवा भरली होती आणि ‘महिनाभर साठच्या वर जाऊ नका’ असा पथ्याचा सल्लाही दिला होता. आमच्याकडचे वैदूही असंच करतात. चूर्ण त्यांचं, आणि तेलकट-तुपकट बंद!

शेवटी मी म्हटलं, ‘‘बापू, म्हैस घेताना काय करतोस? चल, धारा काढू.’’

चांदवडपर्यंत जाऊन परत, अशा सहा फेऱ्या ठरल्या. वाटेत भावडबारीचा घाट असल्यामुळे गाडीला लाजायला जागा नव्हती. रोज सकाळी तीच वेळ, चाकांत तेवढीच हवा, एसी बंद, गाडीत आम्ही दोघंच. एकाच पंपावर, एकाच नळीनं, पहिला ‘खट्’ होईपर्यंत टाकी भरायची. आणि मुख्य अट अशी, की यंत्र लावलंय की काढलंय हे बापूला कळता कामा नये. मी पहाटे नाणं उडवून ठरवायचो. बॉनेट उघडायची बापूला मनाई. ज्या दिवशी छाप पडे त्या दिवशी यंत्र नळीवर, काटा पडे त्या दिवशी ते स्वयंपाकघरात. तिथं ते बिडाच्या तव्याला असं चिकटायचं, की पेट्रोलपेक्षा तव्याचे रेणू जास्त शिस्तीचे असावेत. तीन छाप झाल्यावर नाण्याला रजा दिली.

सहाव्या दिवशी ओट्यावर बसून हिशेब मांडला. यंत्रासहित तीन फेऱ्या आणि यंत्राविना तीन, यांच्या सरासरीत जो फरक होता, त्याच्यापेक्षा जास्त फरक यंत्रासहितच्याच दोन फेऱ्यांत निघाला. त्यातल्या एका दिवशी समोरून वारं होतं आणि घाटात कांद्याचा एक ट्रॅक्टर आम्हाला पुढं जाऊ देत नव्हता. गंमत म्हणजे सहाही दिवस गाडीनं सोळाच्या वरच दिलं. दाजी शेजारी वही घेऊन बसलेत म्हटल्यावर बापू मांडीवर अंड्यांची टोपली असल्यासारखा चालवत होता.

बापू बराच वेळ वहीकडं पाहत राहिला. मग त्यानं एजन्सीवाल्याला फोन लावला. ‘‘साहेब, पैसे तयार आहेत. तुम्ही फक्त सहा दिवस देवळ्याला मुक्कामाला या. जेवणखाण आमच्याकडं.’’ साहेबांना त्या आठवड्यात वेळ नव्हता. पुढच्या आठवड्यातही नव्हता. नंतर त्यांचा फोनच लागेना.

चाळीवर नवे पत्रे चढले. आता दाजी शेजारी नसल्यामुळे बापू घाट पुन्हा पूर्वीच्याच वेगानं चढतो, आणि गाडी बिचारी चौदा देते.