गुरुवार-शुक्रवारचे गुण

फ्लेक्झिबिलिटी: पाचपैकी एक. पुढे शेरा: ‘गुरुवारी व शुक्रवारी उपलब्ध नसते.’

दोन वर्षं उलटून गेली, नोकरी शाबूत आहे, तरी हा शेरा आठवला की माझं डोकं फिरतं. गुरुवारी-शुक्रवारी मी उपलब्ध नसते, कारण त्या दिवसांचा मला पगार मिळत नाही. तसा करार आहे आणि त्यावर कंपनीचीच सही आहे. आधी सही करायची आणि मग त्याच सहीबद्दल माझे गुण कापायचे!

मागचं थोडक्यात सांगते. मी सांगलीची, बी.कॉम. लग्नानंतर इंग्लंडला आले, रेडिंगच्या बाजूला राहते. 2012च्या मार्चमध्ये वैद्यकीय साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीत पर्चेस लेजरला लागले. पुरवठादारांची बिलं तपासायची, सिस्टिमवर चढवायची, पैसे वेळेवर सुटतात ना ते बघायचं, असं काम. सहा वर्षं पूर्णवेळ केली. धाकट्याच्या वेळची रजा संपल्यावर 2018पासून आठवड्याचे तीन दिवस, एकवीस तास. इथल्या पाळणाघरांचे दर ज्यांना माहीत आहेत त्यांना याचं कारण सांगायला नको आणि ज्यांना माहीत नाहीत त्यांना सांगून पटायचं नाही.

2023च्या वसंतात बिलं आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर आलं आणि आम्हा पाच जणांना ‘ॲट रिस्क’ची पत्रं मिळाली. पाचातले तीन राहणार. एका ठिकाणी नव्वद दिवसांत वीस किंवा जास्त माणसं कमी करायची असतील तर इथे कायद्याने कामगारांच्या प्रतिनिधींशी सामूहिक सल्लामसलत करावी लागते. आम्ही वीस नव्हतो. म्हणून प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून बोलणं, ज्याला इथे कन्सल्टेशन म्हणतात.

माझे वडील साखर कारखान्यात होते. आपल्याकडच्या 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपातीचा साधा नियम होता: त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जाणार, वेगळं करायचं तर मालकाने कारण नोंदवायचं. तो नियम इथे लावला असता तर अकरा वर्षांच्या नोकरीवर मी आरामात वाचले असते. पण इथे हल्ली नुसत्या सेवाज्येष्ठतेवर कुणी जात नाही. त्यात तरुणांवर वयामुळे अन्याय होतो असा दावा लागू शकतो. त्याऐवजी मॅट्रिक्स असतं. निकष ठरवायचे, प्रत्येकाला गुण द्यायचे, बेरीज करायची. वरवर बघता यात कुणाच्या मर्जीचा प्रश्नच राहत नाही.

मी माझी गुणपत्रिका मागून घेतली. (न मागता कुणी देत नाही.) खालून दुसरी होते, म्हणजे घरी जाणाऱ्या दोघांत. तीन ठिकाणी मार बसला होता. पहिलं ते फ्लेक्झिबिलिटीचं. दुसरं म्हणजे नव्या सिस्टिमचं प्रशिक्षण. त्याची सगळीच्या सगळी सत्रं झाली गुरुवारी. आणि तिसरं, कामाचा उरक: महिन्याला किती बिलं चढवली. माझी सहाशे, बाकीच्यांची नऊशेच्या आसपास. आता माझा आठवडा एकवीस तासांचा, त्यांचा साडेसदतीस तासांचा. माझा आकडा पूर्ण आठवड्यावर नेला तर हजाराच्या पुढे जातो. अर्धा लिटर दूध घेणाऱ्या बाईला, ‘तुमच्या पातेल्यात कमी दूध कसं?’ म्हणून दटावण्यासारखं हे झालं. अकाउंट्स खात्यातल्या माणसांना भागाकार येत नव्हता यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

आमच्या मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली एक वकील मैत्रीण आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, आधी रडणं थांबव आणि पत्र लिही. 1 जुलै 2000पासून इथे अर्धवेळ कामगारांसाठी स्वतंत्र नियम आहेत. तसंच काम, तशाच करारावर करणाऱ्या पूर्णवेळ माणसाच्या तुलनेत, केवळ अर्धवेळ आहे म्हणून कुणाला कमी लेखता येत नाही. लेखलं तर त्याला सबळ समर्थन द्यावं लागतं. तशी वागणूक मिळते आहे असं वाटलं तर लेखी कारण मागता येतं आणि मालकाने एकवीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. तिने बर्मिंगहॅमच्या काडतुसांच्या कारखान्याची गोष्टही सांगितली. तिथे कपातीत आधी सगळ्या अर्धवेळ बायका काढल्या, पूर्णवेळवाल्यांचं मग बघितलं. 1982मध्ये अपील न्यायाधिकरणाने ठरवलं की हा बायकांवरचा अप्रत्यक्ष भेदभाव आहे, कारण घरच्या जबाबदारीमुळे अर्धवेळ काम करतात त्या बहुतेक बायकाच. म्हणजे मी दोन वर्षांची होते तेव्हा हा प्रश्न इथे निकाली निघाला होता! निदान मला तसं वाटलं.

दुसरी मीटिंग मला शब्द न् शब्द आठवते. छोटी खोली, टेबलावर पाण्याचा जग, टिश्यू पेपरचा खोका, आणि तो खोका मी बसायच्या आधीच माझ्या बाजूला सरकवून ठेवलेला. समोर आमची मॅनेजर आणि एचआरची एक तरुण मुलगी. त्या मुलीने रंगीत चौकोनांचा मोठा कागद पसरला आणि पेनाने माझ्या एकावर गोल केला.

“हे तुझ्या कामाबद्दल नाहीये,” ती म्हणाली. “हे बिझनेसच्या गरजेबद्दल आहे.”

मी विचारलं, “मला गुरुवारी या म्हणून कधी सांगितलंत?”

मॅनेजर म्हणाली, “तू येत नाहीस हे माहीत होतं म्हणून विचारलं नाही.”

“म्हणजे न विचारलेल्या प्रश्नात मी नापास झाले.”

यावर त्या मुलीने काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे. मग मी ईमेलचे कागद काढले. वर्षअखेरीला मी सोमवार बदलून शुक्रवारी आले होते. ऑडिटच्या आठवड्यात पोराला आईकडे ठेवून (आई तेव्हा सांगलीहून आली होती) चार दिवस आले होते. सगळ्याला मॅनेजरचं ‘थँक यू सो मच’ होतं. तिने कागद वाचले आणि म्हणाली, “हो, ते तू केलंस, पण ते अपवाद होते.” अपवाद! फ्लेक्झिबिलिटी म्हणजे दुसरं काय असतं? रोजचं असतं त्याला वेळापत्रक म्हणतात. हे मी तिथे बोलले नाही. घरी येऊन नवऱ्याला सुनावलं, त्याचा काही संबंध नसताना.

यात सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर मॅनेजर स्वतः. तिची मुलं लहान असताना ती चार दिवस काम करायची. तिच्यात दुष्टपणा नव्हता, आजही नाही. समोरचा तक्ता भरायचा होता, तिने भरला. त्या तक्त्यात ‘गुरुवार’ या रकान्याला किंमत कोण लावतं, हा विचार तिला शिवला नाही. मला हाच प्रकार जास्त घातक वाटतो. शिवी देणाऱ्याशी निदान भांडता येतं.

मी पत्र दिलं. मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्यात 2021चा एक निकालही घातला. उत्तर इंग्लंडमधल्या एका नर्सला शनिवार-रविवारी कामाला यायला सांगितलं होतं. मुलं सांभाळायचा भार बायकांवर जास्त पडतो ही गोष्ट न्यायाधिकरणांनी गृहीतच धरायला हवी, दर वेळी पुरावा मागू नये, असं त्यात अपील न्यायाधिकरणाने म्हटलं आहे. मुदतीच्या आत उत्तर आलं. फ्लेक्झिबिलिटीचा निकष ‘पुन्हा तपासला’ होता, बिलांची संख्या तासांच्या प्रमाणात लावली होती, प्रशिक्षणाचे गुण सगळ्यांचेच वगळले होते. चूक झाली असं कुठेही लिहिलं नव्हतं. मी तिसरी आले. नोकरी राहिली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी वर सरकले म्हणजे कुणीतरी खाली गेलं. ती आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, साठीला टेकलेली, जन्मभर पूर्णवेळ काम केलेली. माझ्या गुरुवार-शुक्रवारचे पुरवठादारांचे फोन पाच वर्षं तिनेच घेतले. शेवटच्या आठवड्यात ती किचनमध्ये कप विसळत होती. रागावलेली नव्हती. मला म्हणाली, “तुझे गुरुवार मी सांभाळले. त्याचे गुण कुठे धरले कुणी?”

मला उत्तर सुचलं नाही. नंतर सुचलं, तेही फारसं कामाचं नव्हतं: तिने ते काम केलं तर तिच्या उरकात धरायला हवं होतं, माझ्या नावावर वजा करून नव्हे. कागदावर हे बरोबर आहे. पण ज्या निकषाला मी इतक्या शिव्या घातल्या, त्यात तिची काहीतरी कमाई होती, आणि माझ्या पत्राने ती पुसली गेली हेही खरं आहे. फ्लेक्झिबिलिटीला गुण नसावेतच असं मी तेव्हा म्हणत होते. आता तसं छातीठोकपणे म्हणवत नाही. पण तो एक गुण बरोबर होता असंही अजिबात म्हणणार नाही.

शिवाय पैशांचा भाग आहेच. काढलं असतं तर काय मिळणार होतं त्याचा हिशेब पहिल्या पत्राबरोबरच आला होता. कायद्याने दर पूर्ण वर्षाला एका आठवड्याचा पगार, एकेचाळिशीनंतरच्या वर्षांना दीड. माझे बारा आठवडे भरत होते. तीन दिवसांचा पगार 280 पौंड, म्हणून 3,360. मी म्हटलं, सहा वर्षं मी पूर्णवेळ होते, तेव्हाच्या आठवड्याला आजच्या दराने 500 धरा. तसे 4,680 होतात. एचआरची मुलगी म्हणाली, कायदा आजचा पगार बघतो. मला वाटलं थाप मारते आहे. थाप नव्हती. एका बँकेतल्या मिसेस बॅरी हाच मुद्दा घेऊन थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेल्या होत्या. आधी पूर्णवेळ, मूल झाल्यावर अर्धवेळ, अगदी माझ्यासारख्याच. 1999मध्ये त्या हरल्या. हा पैसा मागच्या सेवेचं बक्षीस नाही, आत्ताची नोकरी जाते त्याला आधार आहे, म्हणून आत्ताचा पगार धरणं भेदभाव नाही, असा निकाल. मग सेवेची वर्षं तरी कशाला मोजता, हा माझा प्रश्न. गुणांची लढाई मी जिंकले, पण हरले असते तर जो खड्डा पडला असता तो कायदेशीरच होता.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगत होते. ती तिकडे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. ती हसायला लागली. म्हणाली, तुम्हाला काढायला निदान कागद लागतो. आम्हाला कुणी काढत नाही, पुढच्या वर्षी बोलवत नाहीत. तिचं म्हणणं बिनतोड आहे. इथेही फार जुनी गोष्ट नाही ही. 1995पर्यंत आठवड्याला सोळा तासांपेक्षा कमी काम करणाऱ्यांना कपातीची भरपाई मिळायला पाच वर्षं थांबावं लागे आणि आठ तासांच्या आतल्यांना ती नव्हतीच. पूर्णवेळवाल्यांना दोन वर्षं पुरत. 1994मध्ये लॉर्ड्सनी हा फरक युरोपच्या कायद्याविरुद्ध ठरवला, तेव्हा तो गेला.

मंडळातल्या बायका आता मला विचारतात. मी सांगते, स्वतःचे गुण मागा, निकष मागा, कारण लेखी मागा. जादा आलात तो प्रत्येक दिवस ईमेलवर असू द्या, तोंडी ‘थँक यू’ला किंमत नाही. ॲकॅस या नोकरीच्या तंट्यांत सल्ला देणाऱ्या संस्थेची हेल्पलाइन फुकट आहे. न्यायाधिकरणात जायचं तर आधी त्यांच्याकडे नोंद करावी लागते आणि मुदत फार कमी असते, माझ्या वेळी तीन महिन्यांना एक दिवस कमी होती. ती त्या-त्या वेळी विचारून घ्या. आणि पगार कापून दिवस कमी करताना आमच्यासारखं फक्त पाळणाघराचं बिल बघू नका.

नवऱ्याने परवा वेगळंच काढलं. धाकटा आता मोठा झालाय, तू पाच दिवस करायला लाग, म्हणाला. आजचा पगार धरतात ना? मग उद्या पुन्हा कपात आली तर तुझी तीन-तीन दिवसांची वर्षंसुद्धा पूर्ण पगाराने मोजली जातील. मी म्हटलं, मग हा तरी न्याय कसला? तो म्हणाला, न्यायाचं मी विचारलंच नाही, फॉर्म कधी भरतेस ते विचारतोय. हिशेब त्याचा बरोबर आहे. फॉर्म मी डाउनलोड केला आहे. कामाचे दिवस लिहायच्या रकान्यात ‘गुरुवार’ टाइप करायची मात्र अजून इच्छा होत नाही.