बिबड्यांची राखण आणि फास्टर फेणे

१ मेला झेंडावंदन, निकाल आणि शाळेला टाळं, सगळं एकाच सकाळी उरकायचं. दोन-तीन दिवसांत आमच्या घरी चुलत, आते, मामे अशी सगळी भावंडं गोळा व्हायची. कुणी भुसावळहून, कुणी रावेर-यावलकडून, कुणी थेट बऱ्हाणपूरहून. गाव आज मुक्ताईनगर म्हणून ओळखलं जातं, पण घरातली मोठी माणसं एदलाबादच म्हणत. ऐंशीच्या दशकातल्या त्या सुट्या. पारा पंचेचाळिशीला टेकायचा आणि सकाळी दहानंतर पोरांना उंबरा ओलांडायला बंदी असायची. ऊन उतरेपर्यंत एवढ्या पोरांचं करायचं काय, या प्रश्नाला घरानं काढलेलं उत्तर म्हणजे पुस्तक. त्यामागे संस्काराचा वगैरे विचार नव्हता. पोरांना ऊन लागू नये आणि मोठ्यांची दुपारची झोप मोडू नये, एवढाच हेतू.

पुस्तकं यायची दोन वाटांनी. भुसावळला रेल्वेत असलेले काका येताना स्टेशनवरच्या स्टॉलवरून ‘चांदोबा’ आणायचे, कधी ‘किशोर’ आणायचे. ‘किशोर’ पाठ्यपुस्तक मंडळाचं, नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालेलं. त्यामुळे त्याला घरात अभ्यासाचा मान होता. ते वाचताना कुणी कामाला उठवत नसे. ‘चांदोबा’तल्या विक्रम-वेताळाला तो मान नव्हता, म्हणून तो आधी संपायचा. दुसरी वाट गावातल्या वाचनालयाची. मुलांसाठी एकच कपाट, घरात एकच सभासद आणि एका वेळी एकच पुस्तक. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि त्याच लेखकाची चिंगी, नाथमाधवांचा वीरधवल ही मंडळी अशीच एकेक करून घरी आली. बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड मात्र मोठ्या भावांच्या उशाखाली असायचा. तो आम्ही चोरून वाचला. चोरून वाचण्याइतकं त्यात काय होतं, ते आजही सांगता येणार नाही.

पुस्तक एक आणि डोळ्यांच्या इतक्या जोड्या. त्यातून काही रीती आपोआप पडल्या. सातवीतल्यांचा हक्क पहिला, कारण त्यांना पुढे हायस्कुलात जायचं. पाचवी-सहावीतल्यांनी समोर बसून उलटी अक्षरं वाचायची. उलटं वाचण्यात आमच्यातले काही इतके तरबेज झाले की पान उलटण्याची घाई तेच करायचे. ज्यानं शेवट वाचला त्यानं तो सांगायचा नाही, हा कायदा. तो मोडणाऱ्याला आमरसाच्या पंगतीत शेवटी बसावं लागे.

वाचनाची खरी जागा मात्र अंगण आणि घरावरचं धाबं. वैशाखात घरोघरी वाळवणं घातली जात. बिबडे, कुरडया, पापड, शेवया. ज्वारीचा घाटा पहाटेच शिजायचा, ओल्या धोतरावर बिबडे थापले जायचे आणि आम्हाला वाटीभर घाटा, त्यावर तेल आणि तीळ मिळायचे. ती आमची मजुरी. मग दिवसभर सावलीत बसून कावळे आणि बकऱ्या हाकलायच्या. या राखणीत आम्ही जितकं वाचलं तितकं वर्गात कधी वाचलं नाही. फास्टर फेणे पुण्यात सायकलवरून चोराच्या मागे लागलेला असायचा आणि इकडे एदलाबादेत बिबड्याचा अर्धा तुकडा कावळ्याच्या चोचीत गेलेला असायचा.

सावलीतच आजी, काकू आणि शेजारच्या बाया कुरडया घालत बसलेल्या. त्यांच्यातल्या बहुतेकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आपल्याशीच वाचणारं पोरगं त्यांना सोसत नसे. “मनातल्या मनात काय वाचतं रे? आमाले बी आयकव नं!” असा हुकूम सुटायचा आणि मोठ्यानं वाचावं लागायचं. वाचता वाचता अडखळलं की आजी म्हणायची, “थांबला काहून? कावळे मी पायते, तू वाच.” अधिक महिना उन्हाळ्यात आला तर श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप नाहीतर हरिविजय काढला जायचा. ओव्यांचे अर्थ आम्हाला अर्धेमुर्धेच कळत, पण कुठे थांबायचं आणि कुठे आवाज चढवायचा, हे समोरच्या तोंडांकडे बघून कळायला लागलं.

‘बहिणाबाईंची गाणी’ वाचताना तर पारडंच फिरलं. बहिणाबाई चौधरी आमच्याच जिल्ह्यातल्या, असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गात आणि मुलगा सोपानदेव आणि नातलग ते उतरवून घेत. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. वाचायचो आम्ही, पण मोट कशी चालते, पेरणीला पाभर कशी धरतात, हे सांगायची आजी. शाळेत आमची बोली अशुद्ध ठरायची. इथे तीच बोली छापील पुस्तकात होती आणि तिच्यातलं सगळं जाणणारी बाई अंगठा उठवणारी होती. घरात हुशार कोण, याबद्दलचा आमचा समज त्या दुपारी बदलला.

रात्री धाब्यावर अंथरुणं पडली की ‘श्यामची आई’. साने गुरुजी १९२४ ते १९३० अंमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, आणि हे पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात रात्र पहिली, रात्र दुसरी अशा गोष्टी आहेत. आम्हीही रात्रीला एकच वाचायचो. वीज गेली तर गोष्ट उद्यावर जाई.

वैशाख वद्य दशमीला मुक्ताईचा अंतर्धान सोहळा असतो. कोथळीच्या देवळात कीर्तन ऐकायला सगळं घर जाई. १२९७ मध्ये तापीकाठी मेहूणला विजेच्या कडकडाटात मुक्ताबाई गुप्त झाल्या, असं परंपरा सांगते. सर्वांत धाकट्या बहिणीनं रुसलेल्या ज्ञानदेवांची समजूत घातली, चांगदेवासारख्या योग्याला शिष्य केलं, हे ऐकून आमच्या बहिणी परतताना दोन बोटं उंच झालेल्या असायच्या. दुसऱ्या दिवशी वाचायचा पहिला मान त्या मागून घ्यायच्या आणि आजी तो त्यांना द्यायची.

जून उजाडला की पुढच्या वर्गातल्या पोरांकडून निम्म्या किमतीत पाठ्यपुस्तकं यायची. शाळा उघडण्याआधी ‘बालभारती’तल्या सगळ्या गोष्टी वाचून संपलेल्या असत. गणिताचं पुस्तक कोरं राही.

हे कधी संपलं, तेही ठाऊक आहे. १९८७ मध्ये रविवारी सकाळी रामायण आलं, पुढच्या वर्षी महाभारत. शेजारच्या ओसरीवर टीव्ही लागला आणि आजीनं पांडवप्रताप मागणं सोडलं. तिला डोळ्यांनी कृष्ण दिसत होता, तिचं काही चुकलं नाही. पण ऐकणारी उठून गेली आणि मोठ्यानं वाचणारेही गप्प झाले. आम्ही वाचत राहिलो, मात्र एकेकटे. धाकटी भावंडं तेवढंही वाचेनाशी झाली.

आज आमच्या नातवंडांच्या सुटीसाठी वाचनाच्या छापील याद्या येतात, पुस्तकांचे संच घरपोच मिळतात. ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंकसुद्धा पाठ्यपुस्तक मंडळानं इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत, ते जरूर उघडा. आम्हाला जेवढी पुस्तकं अख्ख्या सुटीत मिळायची, तेवढी या पोरांकडे एका कप्प्यात आहेत. तरी ती वाचत नाहीत अशी तक्रार आपण करतो. आम्ही काही जात्याच वाचनवेडे नव्हतो. आमच्या वाचण्याची कुणीतरी वाट बघत होतं, म्हणून आम्ही वाचलं. तेव्हा यंदा पाचवी-सहावीतल्या पोराच्या हाती पुस्तक देऊन आपण मोबाइल घेऊन बाजूला बसू नका. शेंगा सोला, भाजी निवडा, पण त्याला मोठ्यानं वाचायला सांगा आणि ते थांबलं की विचारा, “पुढे काय झालं?”