गोठवून ठेवलेले देणे

कॅनडाच्या वायव्य प्रदेशातील यलोनाइफ हे शहर ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी वसले आहे. उत्तर अमेरिकेतील हे सर्वांत खोल सरोवर. हिवाळ्यात त्याचा पृष्ठभाग इतका घट्ट गोठतो की त्यावरून मोटारी धावतात. शहराच्या हद्दीतच, सरोवराला लागून, ‘जायंट’ ही सोन्याची जुनी खाण आहे. 1948 ते 2004 या काळात तिने सुमारे 220 टन सोने दिले.

मात्र येथील सोने आर्सेनिकयुक्त खनिजात अडकलेले होते. ते मोकळे करण्यासाठी खनिज भाजावे लागे आणि धुरातून सोमलाची विषारी भुकटी बाहेर पडे. आरंभी ती वाऱ्यावरच सोडली जाई. सरोवराकाठी पूर्वापार राहणारे डेने लोक बर्फ वितळवून पाणी पीत. 1951 मध्ये अशाच पाण्याने त्यांचे एक बालक दगावले. त्याच वर्षी भुकटी धुरातून वेगळी करून भूगर्भातील दालनांत भरण्यास प्रारंभ झाला. बारमाही गोठलेली भूमी तिला कायम धरून ठेवील, असा हिशेब होता. पण खाणकामामुळे ती भूमीच वितळू लागली. आज तेथे 2 लाख 37 हजार टन भुकटी साठलेली असून ती पाण्यात विरघळणारी आहे.

1999 मध्ये मालक कंपनीचे दिवाळे निघाले आणि हा भार सरकारवर, म्हणजेच जनतेवर आला. त्यावरील उपाय थंडीतूनच शोधण्यात आला. दालनांभोवती उभ्या नळ्या रोवायच्या. त्यांतील कार्बन डायऑक्साइड खालची उष्णता घेऊन वर येतो, हिवाळी हवेत ती सोडून द्रवरूपाने पुन्हा खाली उतरतो. विजेविना भूमी गोठत राहते. तरीही नळ्यांची देखभाल आणि खाणीतील पाण्याचे शुद्धीकरण अखंड चालू ठेवावे लागेल. 2022 मध्ये एकूण खर्चाचा अंदाज 438 कोटी कॅनेडियन डॉलर झाला. शेकडो वर्षांनंतरच्या वंशजांना या धोक्याची सूचना कशी द्यावी, हा प्रश्नही डेने समाजापुढे आहे.

या अनुभवानंतर, त्या प्रदेशात खाण चालविणाऱ्याकडून पुढील साफसफाईच्या खर्चाची अनामत घेण्यावर भर दिला जातो. व्यापारी कुटुंबांना हा नियम सहज उमजेल. जायंटच्या वहीत जमेची नोंद 56 वर्षांत संपली. नावे पडलेली रक्कम मात्र अजून जन्मास न आलेल्या पिढ्या फेडत राहतील.