जहाजावर पाय ठेवण्याआधी

माझं माहेर पेणचं. धरमतरची खाडी जवळ, मिठागरं जवळ, उधाणाचं पाणी कुठवर चढलं ही रोजची बातमी. पण माझी अम्मी सत्तरी ओलांडेपर्यंत होडीत बसली नव्हती. आम्ही एकदा जंजिरा पाहायला गेलो, तेव्हा राजपुरीच्या धक्क्यावर ती सगळ्यांच्या चपला सांभाळत बसून राहिली. आम्ही परत येईपर्यंत तिची तस्बीह थांबली नव्हती.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं. 17 जुलै 1947 च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट काश्याच्या खडकाजवळ वादळी पावसात उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. कुणी दिव्यांच्या अवसेसाठी गावी निघालं होतं, तर कुणाला दोन दिवसांवर आलेला रमजान घरी गाठायचा होता. अम्मीचे मामा त्यात होते. वय एकोणीस. मय्यत सापडली नाही, त्यामुळे कबरही नाही. अम्मीचा जन्म त्यानंतर पाच वर्षांनी झाला. मामांना तिनं पाहिलंही नव्हतं, पण त्यांची भीती तिच्या वाट्याला आली.

मागच्या वर्षी माझ्या मुलीनं लक्षद्वीपला जायचा हट्ट धरला. कोचीहून सुटणाऱ्या 'एम. व्ही. कवरत्ती' या सरकारी जहाजाची पाच दिवसांची सहल होती. दिवसा बेटावर फिरायचं आणि रात्री जहाजावर झोपायचं. चित्रात दिसतात तसलं हजारो प्रवाशांचं मजल्यांवर मजले चढवलेलं क्रूझ हे नव्हे. याची क्षमता सातशे प्रवाशांची. अम्मीला पेणमध्येच ठेवून जायचं असं मी मनाशी धरून होते. पण ती म्हणाली, "मला आधी सगळं समजावून सांग. मग हो की नाही ते मी सांगेन."

मी रोह्याला शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पाठाचं टाचण काढायची सवय आहे. अम्मीच्या प्रश्नांची वही केली आणि एकेक उत्तर शोधत गेले. पहिल्यांदा जहाजानं निघणाऱ्या इतर घरांनाही ती वही उपयोगी पडेल असं वाटतं.

पहिला धडा कागदांचा. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी ओळखपत्र, फोटो आणि पोलीस पडताळणीचा दाखला जवळ हवा. आपल्या घरांत अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. अम्मीच्या आधार कार्डावर नावापुढे 'बी' होतं, मतदार ओळखपत्रावर 'खातून', आणि बँकेच्या पुस्तकात दोन्ही नव्हतं. जन्मतारीख सगळीकडे एक जानेवारी, तीही वर्षं वेगवेगळी. हे दुरुस्त व्हायला दोन महिने लागले. म्हणून तिकिटाच्या आधी कागद हातात घ्या. एका ओळखपत्रावर जे नाव आहे तेच, अक्षरन् अक्षर, तिकिटावर आणि परवान्यावर यायला हवं. परवान्याचे आणि सहलींचे नियम बदलत असतात, तेव्हा बुकिंग करतानाच ते नव्याने विचारून घ्यावेत.

दुसरा धडा हवामानाचा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळांचा धोका राहतो. डिसेंबर ते मार्च पाणी त्यातल्या त्यात शांत. आम्ही नाताळच्या सुट्टीला रजा जोडली. पनवेलहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेसनं एर्नाकुलम गाठायला साधारण एक दिवस जातो. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतची वाट कोकण रेल्वेची. गाडी उशिरा पोहोचली तरी जहाज कुणासाठी थांबत नाही, म्हणून कोचीत एक दिवस मोकळा ठेवला. तो खर्च वाया गेला असं समजू नये.

तिसरा धडा तालमीचा. निघण्याच्या महिनाभर आधी अम्मीला मांडव्याला नेलं. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला 2020 पासून रो-रो बोट जाते. मोटारी खाली, माणसं वर, साधारण तासाभराचा प्रवास. ज्यांना समुद्राची सवय नाही त्यांनी मोठ्या सफरीआधी असा एक तास जरूर घालवावा. मळमळतं का, जिना चढवतो का, सगळं कळतं. वाटेत धरमतरच्या पुलावर अम्मी गप्प होती. बोटीत बसल्यावर तिनं विचारलं, "ती जागा कुठे गो?" मी रेवसच्या बाजूला बोट दाखवलं. नेमकी जागा मलाही दाखवता आली नसती. ती त्या दिशेला बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "जॅकेट कुठे ठेवतात, ते विचार जा."

'रामदास'वर पुरेशी जीवरक्षक साधनं नव्हती. बिनतारी संदेशयंत्रही नव्हतं, म्हणून मुंबईत बातमी पोहोचायला संध्याकाळ उजाडली. लाटेनं बोट कलली तेव्हा घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि ती आणखी कलली. हे सगळं मी अम्मीला प्रथमच सविस्तर सांगितलं. वाटलं, ती अजून घाबरेल. पण तिचे प्रश्न वाढले. आपल्या जहाजावर वायरलेस आहे का? जॅकेट किती आहेत? पोरांच्या मापाची आहेत का? उत्तरं मिळत गेली तशी तिची झोप सुधारली.

त्याच आठवड्यात तिनं नानीची पत्र्याची ट्रंक माळ्यावरून काढायला लावली. नानी 1974 मध्ये मुंबईहून जहाजानंच हजला गेली होती. हजची जहाजं 1995 पर्यंत चालू होती, पण आता तो प्रवास आठवणारी माणसं कमी उरली. सख्खा भाऊ दर्यात गेलेली बाई सात-आठ दिवस त्याच दर्यावरून जिद्द्याला गेली. अम्मी म्हणाली, "मी तिला विचारलं होतं, भीती नाही वाटली? म्हणाली, वाटली ना, म्हणून तर निघायच्या आधी सगळं विचारून घेतलं." ट्रंकेत आता गोधड्या आहेत. नानीनं त्यातून तांदूळ, मसाला, सुकट आणि स्वतःचं कफन नेलं होतं.

आम्ही मात्र ट्रंक नेली नाही. सामानाचा नियम एकच ठेवला. आपली पिशवी आपल्याला एका हातानं उचलता यायला हवी. चाकांच्या मोठ्या बॅगा जहाजाच्या अरुंद जिन्यावर आणि लहान होडीत अडचणीच्या ठरतात. मऊ कापडी बॅग, पाठीवरची लहान सॅक आणि औषधांची वेगळी पिशवी एवढं पुरे. अम्मीच्या रक्तदाबाच्या गोळ्या ठरल्यापेक्षा पाच दिवस जास्तीच्या घेतल्या, त्यातल्या अर्ध्या माझ्या सॅकमध्ये. पायात मागून पट्टा असलेल्या किंवा लेसच्या रबरी तळाच्या चपला-बूट. अबाया घोट्याच्या वर राहील इतपत आखूड करून घेतला आणि ओढणीला पिन लावली. फोनवर फार विसंबू नये. किनारा लांब गेला की रेंज जाते. थोडी रोकड, परवान्याची छापील प्रत आणि घरच्यांचे नंबर लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा.

मळमळीबद्दल सगळे विचारतात. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. वयस्कर आणि इतर औषधं चालू असलेल्यांनी तर नक्कीच, कारण काही गोळ्यांनी फार झोप येते. गोळी निघण्याआधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. पोट रिकामं ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आम्ही पेणचे पोहे भाजून नेले होते, शिवाय खारी बिस्किटं आणि आल्याचे तुकडे. जहाजाचा मधला भाग सर्वांत कमी हलतो, म्हणून केबिन मागताना मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची मागावी. चक्कर आली तर डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावं. मोबाईलकडे पाहू नये.

आता नमाजचं. पेणहून किबला पश्चिमेपासून सुमारे 10 अंश उत्तरेकडे आहे, कवरत्तीहून तो सुमारे 23 अंश होतो. म्हणजे घरची सवय तिथे चालत नाही. त्यात जहाज वळत राहतं. साधं होकायंत्र जवळ ठेवावं, आणि जहाज वळलं तर आपणही वळावं. जहाज फार हलत असेल आणि उभं राहून पडायची भीती असेल तर बसून नमाज होते. आम्ही कोकणी शाफई, त्यामुळे प्रवासात कसरबरोबर जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढायची सवलत आम्हाला आहे. हनफी घरांनी आपल्या आलिमांना विचारावं. गोडं पाणी जहाजावर जपून वापरायचं असतं. मोजक्या पाण्यात वुजू करायचा सराव मुलांना घरीच द्यावा. शौचालयं पाश्चात्त्य पद्धतीची असतात, म्हणून एक प्लास्टिकचा लोटा बॅगेत हवाच. या सल्ल्यावर हसलेल्या माझ्या जावेनं दुसऱ्याच दिवशी तो मागून नेला.

कोचीत जहाजावर चढताच आम्ही तीन गोष्टी शोधल्या. जॅकेट कुठे आहे, संकटात जमायची जागा कोणती, आणि आपल्या केबिनपासून तिथवर जायचे दोन रस्ते कोणते. अंधारात दिवे गेले तर काय, म्हणून मुलांनी दारं मोजत तो रस्ता दोनदा चालून पाहिला. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज म्हणजे धोक्याची खूण, तेव्हा सामान सोडून जमायच्या जागी जायचं. अम्मीनं जॅकेट घालून बघितलं, पट्टे ओढले, शिट्टी वाजवून पाहिली. शेजारच्या केबिनमधले लोक बाहेर आले. मग त्यांनीही आपापली जॅकेट काढली. दुसऱ्या दिवशी डॉल्फिन दिसले तेव्हा सगळी गर्दी एका कठड्याकडे धावली. अम्मीनं नातवाची कॉलर पकडून त्याला मागे ओढलं. जहाज मोठं होतं, त्यानं काही बिघडलं नसतं. तरी मी तिला अडवलं नाही.

खरी परीक्षा मिनिकॉयला झाली. तिथे जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर उभं राहतं आणि प्रवाशांना बाजूच्या दारातून लहान होडीत उतरावं लागतं. होडी लाटेबरोबर वर येते, खाली जाते. हे मला आधी कळलं होतं आणि अम्मीपासून मी लपवलं नव्हतं. घरी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आम्ही त्याचा सरावही केला होता. दोन्ही हात मोकळे ठेवायचे. खलाशाला बोटं द्यायची नाहीत, मनगट धरू द्यायचं. उडी मारायची नाही. होडी वर आली आणि त्यानं सांगितलं की एक पाऊल टाकायचं. घाई वाटली तर थांबायचं, पुढची लाट येतेच.

अम्मी दारात उभी राहिली. पहिली लाट तिनं जाऊ दिली. दुसरीही. मागची माणसं कुजबुजू लागली. मी वळून म्हटलं, "जरा थांबा, घाई नको." तिसऱ्या लाटेला होडी वर आली, खलाशानं मनगट धरलं आणि अम्मी होडीत होती. बसल्यावर तिनं आधी जॅकेटचा पट्टा तपासला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मिनिकॉयवर 1885 चं दीपगृह आहे. तिथली माणसं महल भाषा बोलतात आणि तिची लिपी उर्दूसारखीच उजवीकडून डावीकडे जाते. अक्षर एकही ओळखू आलं नाही, तरी मी पाट्यांसमोर थांबत राहिले. 2011 च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपची 96 टक्क्यांहून अधिक वस्ती मुस्लिम आहे. जिथे गेलो तिथे अजान कानावर पडत होती. पाहुणे म्हणून आपलीही जबाबदारी असते. प्रवाळ उचलायचा नाही, कचरा परत आणायचा, आणि विचारल्याशिवाय कुणा बाईचा फोटो काढायचा नाही.

परतीच्या रात्री मगरिबनंतर अम्मी डेकवरच बसून राहिली. अंधार पडला तसा तिनं मामांसाठी दुआ केली. बुडून मरणाऱ्या मोमिनाला शहीदाचा दर्जा आहे, हे ती आयुष्यभर ऐकत आली होती. दर्यावर बसून दुआ मात्र तिनं पहिल्यांदाच मागितली. मी जवळ गेले नाही.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. अम्मीला दर्याची भीती अजूनही वाटते, पण आता तिला प्रश्न विचारता येतात. पेणच्या आळीत कुणी एलिफंटाला निघालं तरी ती दारातून हाक मारून सांगते, "बोटीत बसलात की आधी जॅकेट घाला गो. फोटो मागाहून काढा."