तुझ्या गावची चिप

पुणे, रविवार

प्रिय बंड्या,

ऑस्टिनमध्ये बस्तान बसलं हे वाचून बरं वाटलं. 'इथे बघण्यासारखं काय आहे ते तूच शोधून सांग' असं खवचटपणे लिहिलंस, तर घे. सोनी, तोशिबा आणि आयबीएम या तिघांनी २००१ साली तुझ्याच गावात एकत्र मांड ठोकून पुढे सेल नावाचा प्रोसेसर घडवला. कुठे पाटीबिटी लावलीय का बघ, नसणारच. तो प्रोसेसर सध्या माझ्या टेबलावर बसून हेअर ड्रायरसारखा घोंगावतोय.

झालं असं, की भाच्यानं माळ्यावरचं जुनं प्लेस्टेशन ३ माझ्या गळ्यात मारलं. जाडजूड, सुरुवातीच्या काळातलं, आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षं नेटला न जोडलेलं. म्हणजे 'अदर ओएस' शाबूत! या यंत्रावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची ती अधिकृत सोय सोनीनं ३.२१ या अपडेटमध्ये काढून टाकली, तीही १ एप्रिल २०१० ला. मुहूर्त बघ.

लिनक्स चढवायला दोन संध्याकाळी गेल्या. त्यात माझं कर्तृत्व शून्य, कारण कष्ट आधीच कुणीतरी उपसून ठेवलेत. पण ते काय होते हे आत डोकावल्यावर कळलं, आणि तेव्हापासून कुणाला तरी सांगायला जीव तळमळतोय. घरात कुणी ऐकत नाही.

सेलमधला मुख्य प्रोसेसर पॉवरपीसी जातीचा. त्यावर लिनक्स नेणं हे ओळखीच्या रस्त्यानं जाणं. खरी मजा सोबतच्या आठ छोट्या प्रोसेसरांची, म्हणजे एसपीयूंची. त्यातला एक कारखान्यातच बंद केलेला, म्हणजे एखादा सदोष निघाला तरी अख्खी चिप फेकायला नको. एक कन्सोलनं स्वतःसाठी राखलेला. आपल्या वाट्याला सहा. या सहांना मुख्य मेमरीत थेट हात घालता येत नाही. प्रत्येकाकडे स्वतःची २५६ केबी. प्रोग्रामही त्यात, डेटाही त्यातच. कॅश नाही. बाहेरचं काही हवं तर डीएमए या वाहतूक-यंत्रणेनं मागवायचं, एका खेपेत जास्तीत जास्त १६ केबी.

आता सांग, असल्या मंडळींना ऑपरेटिंग सिस्टिमनं काय समजायचं? सीपीयू म्हणावं तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्यांच्यावर चालत नाही. साधं उपकरण म्हणावं तर दहा प्रोग्राम एकाच वेळी त्यांच्यावर हक्क सांगणार. आयबीएमच्या आर्न्ड बर्गमन यांनी यावर काढलेली तोड मला फार आवडली: फाइल सिस्टिम! नाव एसपीयूएफएस. प्रोग्रामनं एसपीयूवरचं काम मांडलं की त्याची एक डिरेक्टरी तयार होते. परवा रात्री मी तिच्यात जाऊन यादी काढली. 'मेम' नावाची फाइल म्हणजे ती २५६ केबी, 'रेग्ज' म्हणजे रजिस्टर, 'एमबॉक्स' म्हणजे निरोपाची पेटी. चालत्या प्रोसेसरचं पोट साध्या फाइलसारखं उघडून वाचता येतं, बंड्या! सगळं फाइल म्हणून दाखवायची ही युनिक्सवाल्यांची जुनीच खोड, पण इथे ती सोन्यासारखी कामाला आली.

या डिरेक्टऱ्या सहापेक्षा जास्त असू शकतात. मग कर्नल एका कामाला उठवतो, दुसऱ्याला बसवतो. पण उठवायचं म्हणजे नुसती रजिस्टरं टिपून भागत नाही. ती २५६ केबी पुरती उपसून बाजूला ठेवायची आणि दुसऱ्याची भरायची. पाटावरून माणूस उठवायचा तर ताट, वाटी, पाट सगळंच हलवायचं. म्हणून ही उठबस जितकी कमी तितकं बरं.

माझा पहिला प्रोग्राम 'बस एरर' म्हणून मेला. तीन रात्री डोकं धरून बसलो. शेवटी दिसलं, की डीएमएला १६ नं भाग जाणारा पत्ता लागतो आणि माझ्या पत्त्याच्या शेवटी ८ होता. कॉलेजात असतास तर या चुकीवर महिनाभर चहा उकळला असतास माझ्याकडून.

आणि हे सगळं भाड्याच्या घरात, बरं का. लिनक्सच्या खाली घरमालकासारखा हायपरवायझर बसलेला असतो. पेज टेबलातली एक नोंद बदलायची तरी त्याला विचारायचं. ग्राफिक्स चिपची थ्रीडी ताकद तर कुलपात; चित्र रंगवायला फक्त फ्रेमबफर. एवढी बंधनं असूनही अमेरिकी हवाई दलानं १,७६० प्लेस्टेशन जोडून महासंगणक उभा केला होता. आपल्याकडे एकच आहे, आणि त्याचा पंखा ऐकून शेजारच्या काकू विचारून गेल्या, 'पिठाची गिरणी घेतलीत का?'

डिसेंबरात येतोयस ना? दोन एसपीयू तुझ्या नावानं रिकामे ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना

ता. क. : मुख्य मेमरी सगळी मिळून २५६ एमबी, त्यातलीही थोडी मालकाकडे. ब्राउझर उघडला की यंत्र धापा टाकतं. पण कुणीतरी ग्राफिक्सची पडून असलेली मेमरी स्वॅप म्हणून वापरायचा ड्रायव्हर लिहून ठेवलाय. काल लावला. आता दोन टॅब उघडतात.